स्वनातीत वाऱ्यातला आडवा झोत

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना फुगा फुगवून सोडून देण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात केला असेल. हवा एका दिशेला बाहेर पडते आणि फुगा उलट दिशेला पळतो. त्यानंतर फळ्यावर रॉकेटचे चित्र येते. याच नियमाचा आणखी एक उपयोग आहे, तो मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. वेगाने जाणाऱ्या क्षेपणास्त्राच्या कुशीला एक लहानसे छिद्र ठेवायचे आणि वेळ आली की त्यातून तप्त वायूचा झोत काटकोनात बाहेर सोडायचा. झोत खाली सुटला की क्षेपणास्त्र वर ढकलले जाईल. किती जोराने? दर सेकंदाला बाहेर पडणारे वायूचे वस्तुमान गुणिले त्याचा वेग, एवढे साधे गणित केले की ढोबळ उत्तर मिळते. नववीचा विद्यार्थीही ते करील.

निर्वात अवकाशात हे उत्तर बरोबर येते. पण क्षेपणास्त्र हवेतून, आणि तेही ध्वनीच्या तिप्पट-चौपट वेगाने जात असेल, तर ते चुकते. प्रत्यक्ष मिळणारा धक्का कधी हिशेबापेक्षा जास्त भरतो, कधी कमी; आणि जो झोत वाहनाला नुसता बाजूला सरकवील अशी अपेक्षा असते तो त्याचे नाकही वळवून ठेवतो. असे का होते हे समजायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. किती होते हे आधीच सांगता यावे म्हणून शास्त्रज्ञ आणि अभियंते आजही खपत आहेत. त्या प्रयत्नांचा हा इतिहास. प्रयोगशाळेतली नक्कल आणि प्रत्यक्ष घटना यांच्यात किती अंतर असते, आणि ते कमी कसे करायचे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

दोन छायाचित्रे

सुरुवात करावी लागते ती एकोणिसाव्या शतकातल्या एका वादापासून. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काही सैनिकांच्या जखमा ज्वालामुखीच्या मुखासारख्या पसरट आढळल्या. शत्रूने करार मोडून स्फोटक गोळ्या वापरल्या, असा आरोप झाला. बेल्जियमचे शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी वेगळे मत मांडले. गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा गोळा ढकलत नेते आणि ती हवाच जखम फाडते, असे त्यांचे म्हणणे होते. हे विचार ऐकून प्राग येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्न्स्ट माख यांना वाटले की, अशी दाबलेली हवा असेलच तर तिचे छायाचित्र घेता आले पाहिजे.

प्रत्यक्ष प्रयोग केला तो पेटर साल्खर यांनी. ते एड्रियाटिक समुद्राकाठच्या फियुमे या बंदरातील नौदल अकादमीत शिकवत असत. फियुमे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियातले रियेका म्हणून ओळखले जाते. हवेची घनता बदलली की तिच्यातून जाणारा प्रकाश किंचित वाकतो. या गुणधर्माचा उपयोग करून घनतेतले फरक दृश्य करण्याची श्लीरेन पद्धत टोप्लर यांनी आधीच बसवली होती. धावत्या गोळीनेच विजेची ठिणगी पडावी आणि तेवढ्या क्षणिक उजेडात चित्र उमटावे, अशी योजना केली गेली. १८८६ मध्ये चित्रे मिळाली आणि १८८७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गोळीच्या पुढे, नावेच्या पुढच्या लाटेसारखी, एक रेखीव वक्ररेषा स्पष्ट दिसत होती. हाच आघात-तरंग.

फियुमेतच व्हाइटहेड यांचा टॉर्पेडोचा कारखाना होता आणि तेथे दाबाखालच्या हवेच्या मोठ्या टाक्या होत्या. साल्खर यांनी त्यातली हवा लहान तोंडातून बाहेर सोडून तिचीही छायाचित्रे घेतली. १८८९ च्या सुमारास या झोताच्या पोटात त्यांना काही आकृत्या दिसल्या : तिरप्या रेषांची जाळी आणि, दाब पुरेसा असेल तेव्हा, झोताला आडवी एक सपाट चकती. या चकतीला आज 'माख चकती' म्हणतात.

एका चित्रात वाऱ्यातला अडथळा, दुसऱ्या चित्रात जोराचा झोत. क्षेपणास्त्राच्या कुशीतून झोत सुटतो तेव्हा ही दोन्ही चित्रे एकाच जागी येतात. पण तो योग यायला अर्धशतकाहून जास्त काळ जायचा होता.

पंख असताना झोत कशाला?

विमाने आणि क्षेपणास्त्रे पंख वा सुकाणू हलवून वळतात. सुकाणूवर पडणारे बल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून ३० किलोमीटर उंचीवर हवेची घनता खालच्या घनतेच्या सुमारे दीड टक्काच उरते. तेथे सुकाणू कितीही फिरवले तरी त्याला धरायला पुरेशी हवाच नसते. शिवाय सुकाणूने आधी नाक वळते, मग सगळे धड वाऱ्याला तिरपे होते, आणि त्यानंतर बाजूचे बल मिळते. समोरून येणाऱ्या दुसऱ्या क्षेपणास्त्राला गाठायचे असेल तर एवढी उसंत नसते. झोत मात्र काही मिलिसेकंदांत काम सुरू करतो.

म्हणून १९९० च्या दशकात विकसित झालेल्या अमेरिकेच्या पॅक-३ या क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्राच्या पुढच्या भागाभोवती १८० छोट्या घन-इंधन मोटारी बसवल्या गेल्या. हव्या त्या बाजूची, हवी त्या क्षणी, एकेक मोटार पेटवायची. नाकाजवळचा धक्का तरफेसारखा काम करतो आणि नाक वळवतो. फ्रान्स आणि इटलीच्या अ‍ॅस्टर क्षेपणास्त्रात झोत गुरुत्वमध्याजवळ आहेत. तेथे उद्देश नाक वळवण्याचा नसून सगळे क्षेपणास्त्र बाजूला सरकवण्याचा आहे.

झोताभोवती काय घडते?

आता क्षणभर आपण क्षेपणास्त्रावर बसलो आहोत असे समजू. आपल्या दृष्टीने क्षेपणास्त्र स्थिर आहे आणि समोरून स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, वारा येत आहे. पोटाखालून एक झोत खाली सुटतो.

साध्या वाऱ्यात पुढे अडथळा असल्याची वर्दी दाबाच्या लहरींमार्फत आधीच पोचते आणि हवा वळून वाट काढते. दाबाच्या या लहरी ध्वनीच्या वेगाने जातात. वारा स्वतःच त्याहून वेगवान असेल तर लहरी त्याच्याविरुद्ध पुढे जाऊ शकत नाहीत. हवा बेसावध येते, झोताच्या खांबावर आदळते आणि झोतापुढे आघात-तरंग उभा राहतो. गोळीपुढे उभा होता तसाच. त्यामागे दाब एकदम वाढतो.

पण क्षेपणास्त्राच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ, मंद थर असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. हा थर ध्वनीपेक्षा हळू वाहतो, त्यामुळे त्याच्यातून दाबाची वर्दी चोरवाटेने पुढे, वाऱ्याच्या उगमाकडे, पोचते. वाढलेल्या दाबामुळे तो थर पृष्ठभागापासून सुटतो आणि झोताच्या बऱ्याच आधीपासून एक फुगवटा तयार होतो. हा फुगवटा घोड्याच्या नालासारखा झोताला वळसा घालून मागे जातो. खुद्द झोत बाहेर पडताच प्रसरण पावतो, त्याच्या पोटात साल्खर यांना दिसली तशी चकती तयार होते, आणि मग वाऱ्यापुढे नमून तो मागच्या दिशेला वाकतो. वाकताना त्याचे उलटसुलट फिरणारे दोन भोवरे होतात. झोताच्या पाठीमागे, आडोशाला, दाब कमी असतो.

याचा धक्क्यावर काय परिणाम होईल? झोताच्या पुढे, पोटाखाली, दाब जास्त : तेथे क्षेपणास्त्र वर ढकलले जाते. हा फुकटचा लाभ आहे. झोताच्या स्वतःच्या धक्क्यात त्याची भर पडते. झोताच्या मागे दाब कमी : तेथे क्षेपणास्त्र खाली ओढले जाते. हा तोटा. लाभातून तोटा वजा करून जे उरेल ते खरे. सपाट पाटीवर सहसा लाभ वरचढ ठरतो. पण क्षेपणास्त्र गोल असते. वाढलेला दाब नालेच्या आकाराने कुशीवरून वरच्या बाजूलाही पोचतो आणि तेथून खाली ढकलू लागतो. मग एकूण धक्का हिशेबापेक्षा कमीही भरू शकतो.

नाक वळण्याचे गणित आणखी गमतीचे आहे. समजा झोत बरोबर गुरुत्वमध्याखाली आहे. एकट्या झोताने नाक वळायला नको. पण पुढे वर ढकलणारे बल आणि मागे खाली ओढणारे बल, ही जोडी नाक वर उचलते. दोन्ही बले लहान असली तरी त्यांच्यातले अंतर मोठे असेल तर परिणाम मोठा होतो. आणि ते अंतर ठरते सीमास्तर नेमका कोठे सुटला यावर.

वाहिनीतला फवारा

या प्रश्नाकडे आधी लक्ष गेले ते रॉकेटच्या नॉझलमुळे. घन-इंधनाच्या रॉकेटला वळवायचे तर त्याचे जड नॉझल तापत असताना हलवावे लागते. त्याऐवजी नॉझलच्या भिंतीतून आत एक फवारा सोडला तर? नॉझलमधला वायू स्वनातीतच असतो. फवाऱ्यापुढे आघात-तरंग उभा राहील, त्या बाजूच्या भिंतीवर दाब वाढेल आणि रॉकेट वळेल. म्हणजे वर सांगितलेलीच गोष्ट, फक्त आतबाहेर उलटी केलेली. १९५२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मॉर्कोविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वनातीत प्रवाहातल्या बाजूच्या झोताचा अभ्यास केला. १९६० च्या दशकात पोलॅरिस ए-३ क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या टप्प्यात फ्रिऑनचा, तर टायटन-३सी रॉकेटच्या घन-इंधन मोटारींमध्ये नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा फवारा वापरला गेला.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात स्ट्रॉन्शियम पर्क्लोरेटचे पाण्यातले द्रावण नॉझलच्या भिंतीतून आत सोडले जाते. हे द्रावण रॉकेटच्या कुशीला बांधलेल्या टाक्यांतून येते. चांद्रयान-१ (२००८) आणि मंगळयान (२०१३) यांना घेऊन निघालेल्या रॉकेटांच्या प्रवासाची पहिली दिशा या फवाऱ्यानेच सांभाळली होती.

फवारा कितीही उपयोगी असला तरी त्याचे गणित हवे होते. १९६४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या झुकोस्की आणि स्पेड यांनी एक सुटसुटीत कल्पना मांडली. झोताचे सगळे तपशील बाजूला ठेवा. तो जणू एक घन अडथळा आहे, ज्याचे तोंड गोलाच्या पाव भागासारखे आहे, असे समजा. या अडथळ्याची उंची किती, एवढेच काढा. झोताचा संवेग आणि वाऱ्याचा संवेग यांच्या गुणोत्तरावरून ती काढता येते. नायट्रोजन, अर्गॉन, हेलियम अशा वेगवेगळ्या वायूंचे प्रयोग या एका उंचीच्या मापाने मोजले तेव्हा ते बरेचसे एका रेषेत आले. हेलियम अर्गॉनच्या एक-दशांश जड आहे हे लक्षात घेतले म्हणजे या जुळणीचे महत्त्व कळेल.

पण ही जुळणी सपाट भिंतीवरची, थंड वायूची होती. खरे वाहन सपाट नसते आणि त्याचा झोत थंड नसतो.

सगळे एकदम जुळत नाही

खरे वाहन आकाशात पाठवण्यापूर्वी त्याची छोटी प्रतिकृती विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, टांगून बले मोजतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, म्हणजे एनएएलमध्ये, १९६७ पासून असा स्वनातीत वाऱ्याचा १.२ मीटरचा बोगदा आहे. मात्र प्रतिकृतीवरचे आकडे खऱ्या वाहनाला लागू पडण्यासाठी काही गुणोत्तरे दोन्हीकडे सारखी असावी लागतात. वाऱ्याचा वेग आणि ध्वनीचा वेग यांचे गुणोत्तर म्हणजे माख अंक. हवेची जडता आणि चिकटपणा यांची तुलना करणारा रेनॉल्ड्स अंक. झोत असेल तर झोत आणि वारा यांच्या संवेगांचे गुणोत्तर, वस्तुमानांचे गुणोत्तर, तापमानांचे गुणोत्तर, आणि झोतातल्या वायूचे स्वतःचे गुणधर्म.

यातले एखाद-दुसरे जुळवता येते, सगळी एकाच वेळी जुळत नाहीत. प्रतिकृती शंभरपट लहान केली तर दोन सेंटिमीटरचे छिद्र ०.२ मिलिमीटरचे होते. त्यातून खऱ्या इंधनाचा तप्त वायू सोडणे अवघड, म्हणून थंड वायू सोडतात. थंड वायूने संवेगाचे गुणोत्तर जुळवावे तर वस्तुमानाचे बिघडते. मग महत्त्वाचे कोणते? हा निर्णय माणसाला घ्यावा लागतो, आणि तो चुकू शकतो.

१४ एप्रिल १९८१

अमेरिकेचे कोलंबिया हे अवकाशयान १२ एप्रिल १९८१ रोजी पहिल्यांदा उडाले. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन हे दोघे त्यात होते. अवकाशयानाची नवी रचना पहिल्याच खेपेला माणसांसह पाठवायची, हे धाडसच होते. याचा अर्थ, परतीच्या वाटेवर यान कसे वागेल याचा सगळा अंदाज विंड टनेलमधल्या मोजमापांवर आणि गणितावर उभा होता.

परतताना यान सुमारे ४० अंश नाक वर धरून वातावरणात शिरते. या अवस्थेत शेपटीचे उभे सुकाणू धडाच्या आडोशाला जाते. त्याला वारा लागतच नाही. म्हणून नाक डावी-उजवीकडे फिरवण्याचे काम शेपटीजवळच्या बाजूच्या झोतांकडे सोपवलेले होते. उंची आणि वेग हव्या त्या प्रमाणात कमी व्हावेत यासाठी यानाला एका कुशीवर कलावे लागते. अशी पहिली कलाटणी १४ एप्रिलला ध्वनीच्या सुमारे २४ पट वेगाने जाताना घेतली गेली. संगणकाने झोत सोडले आणि यानाचे नाक अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बाजूला सरकले. ते परत आले, पुन्हा सरकले. ही झुलणी शमायलाही अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. नियंत्रणयंत्रणेत पुरेशी गुंजाईश ठेवलेली होती म्हणून यान सावरले आणि कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर सुखरूप उतरले.

चूक कोठे झाली? उड्डाणातल्या नोंदी तपासल्यावर असे आढळले की, बाजूचा झोत सोडल्यावर नाक वळण्याबरोबर यान कुशीवर किती कलेल, हा अंदाज बराच चुकला होता. झोताचा स्वतःचा धक्का ठाऊक होता. पण झोतामुळे शेपटीजवळचा आणि पंखांवरचा प्रवाह बदलतो, त्या बदललेल्या दाबाने यान कलते, आणि हा भाग विंड टनेलमधल्या छोट्या प्रतिकृतीवरून नीट उतरला नव्हता. याच उड्डाणात यानाच्या मागच्या झडपेलाही अंदाजाच्या सुमारे दुप्पट कोनातून वळावे लागले, पण त्याचे कारण वेगळे होते : अतिवेगामुळे तापलेली हवा साध्या हवेसारखी वागत नाही.

पुढच्या काही उड्डाणांत ही पहिली कलाटणी वैमानिकाने हाताने, हळुवारपणे दिली आणि नंतर संगणकाचा कार्यक्रम बदलण्यात आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुढची उड्डाणे हाच एक प्रयोग मानण्यात आला. ठरावीक क्षणी झोताचा छोटा ठोका द्यायचा, यान कसे हलते हे बारकाईने नोंदवायचे आणि त्यावरून बले उलट दिशेने काढायची. नासाचे केनेथ इलिफ यांनी या उलट गणितात मोठे काम केले. आधी विंड टनेलवरून उड्डाणाचा अंदाज बांधत होते. आता उड्डाणावरून विंड टनेलच्या आकड्यांत दुरुस्ती होऊ लागली.

संगणकातला बोगदा

तिसरा मार्ग संगणकाचा. प्रवाहाची मूळ समीकरणे नव्याने शोधायची नव्हती. नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली होती. ती सोडवायची कशी, हा प्रश्न होता. प्रवाहाची जागा छोट्या छोट्या घरांत विभागायची आणि प्रत्येक घरात घनता, वेगाचे तीन घटक आणि ऊर्जा असे पाच आकडे ठेवायचे. शेजारच्या घरांशी होणारी देवाणघेवाण मांडून क्षणाक्षणाने पुढे जायचे.

आघात-तरंगापाशी ही रीत अडखळते. तेथे दाब जवळजवळ एका उडीत बदलतो आणि साध्या वजाबाकीने काढलेले आकडे भरकटतात. १९५० मध्ये फॉन नॉयमन आणि रिख्टमायर यांनी समीकरणात थोडा कृत्रिम चिकटपणा घालून ही उडी काही घरांवर पसरवली. १९५९ मध्ये रशियन गणितज्ञ गोदुनोव यांनी प्रत्येक दोन घरांमधली सीमा हीच एक छोटी उडी मानून हिशेब केला. १९६९ मध्ये नासाच्या मॅककॉरमॅक यांनी दिलेली सोपी दोन-पायऱ्यांची पद्धत पुढे अनेक वर्षे वापरात राहिली.

आता थोडा हिशेब करू. एक घनमीटर जागेत एक-एक मिलिमीटरची घरे केली तर ती १०० कोटी होतात. स्वनातीत प्रवाहात एका वेळी साधारण एक मायक्रोसेकंद पुढे जाता येते, म्हणजे झोताच्या १० मिलिसेकंदांसाठी १०,००० पावले. प्रत्येक घरासाठी प्रत्येक पावलाला हजार आकडेमोडी धरल्या तर एकूण संख्या एकावर सोळा शून्ये इतकी होते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक सेकंदाला सुमारे १०० कोटी आकडेमोडी करू शके. एवढ्या मोठ्या गणिताला त्याची स्मृती पुरली असती असे धरले, तरी त्याला ११५ दिवस लागले असते. भारतात समांतर संगणक बांधण्यामागे प्रवाहाचे गणित हे एक थेट कारण होते. एनएएलचा फ्लोसॉल्व्हर (१९८६) त्यासाठीच बांधला गेला; हैदराबादच्या अनुराग प्रयोगशाळेने तयार केलेल्या पेस या संगणकाच्या तर नावातच वायुगतिकीय आकडेमोडीचा उल्लेख आहे.

घरे कितीही लहान केली तरी प्रवाहातले सर्वांत बारीक भोवरे त्यांत मावत नाहीत. त्यांचा सरासरी परिणाम काही सूत्रांनी धरावा लागतो. ही सूत्रे बरीचशी साध्या प्रवाहांवरून बसवलेली आहेत. सीमास्तर सुटतो तेथे दोन सूत्रे दोन वेगळी उत्तरे देतात. एकात फुगवटा लांबवर पसरतो, दुसऱ्यात आखूड राहतो. आणि वर पाहिलेच की, नाक किती वळेल हे या फुगवट्यावर अवलंबून असते. संगणकाने काढलेली चित्रे रंगीत आणि देखणी असतात, पण चित्र देखणे आहे म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. या क्षेत्रात दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची शिस्त आहे : समीकरणे बरोबर सोडवली का? आणि बरोबर समीकरणे सोडवली का? पहिल्याचे उत्तर गणितात मिळते, दुसऱ्याचे फक्त प्रयोगात.

त्यासाठी प्रयोगही नव्या तऱ्हेचे हवे होते. नुसते एकूण बल मोजून भागत नाही, कारण दोन चुका एकमेकींना खोडून योग्य बेरीज देऊ शकतात. १९९७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या सँटिआगो आणि डटन यांनी माख १.६ च्या वाऱ्यात काटकोनात झोत सोडून, लेसरच्या साहाय्याने ठिकठिकाणचा वेग मोजून प्रसिद्ध केला. या मोजमापांशी जगभरच्या संशोधकांनी आपापले गणित ताडून पाहिले. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या कावाई आणि लेले यांनी मोठे भोवरे प्रत्यक्ष गणिताने आणि फक्त बारीक भोवरे सूत्राने, अशा मिश्र रीतीने हाच प्रयोग संगणकात उभा केला. झोतापुढचा आघात-तरंग स्थिर नसून तो थरथरतो, झोताबरोबर आकार बदलतो आणि त्यातून मोठे भोवरे सुटत राहतात, हे त्यात दिसले.

क्षेपणास्त्रांवरचे पुष्कळसे काम अर्थातच गुप्त राहते. पण निसर्गाचे नियम गुप्त नसतात. स्क्रॅमजेट इंजिनात स्वनातीत हवेत इंधनाचा झोत सोडून ते पेटवावे लागते; तेथेही प्रवाह हाच. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी अशा इंजिनाची उड्डाणात चाचणी घेतली. त्यामुळे विद्यापीठांतून होणारे खुले संशोधन दोन्हीकडे उपयोगी पडते.

वर्गात करून पाहा

पाण्याच्या उथळ थरावरच्या लाटा आणि वायूतल्या दाबाच्या लहरी यांत बरेच साम्य आहे. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचे वर्गमूळ. ५ मिलिमीटर खोलीला तो सेकंदाला सुमारे २२ सेंटिमीटर येतो. पाणी त्याहून जोराने वाहत असेल तर तो आपला 'स्वनातीत' वारा.

एक लांबट, सपाट ट्रे तिरपा धरा आणि वरच्या टोकाकडून नळीने पाणी सोडा. थर सर्वत्र पातळ आणि वेगवान झाला की त्यात पेन्सिल उभी धरा. तिच्यापुढे एक वक्र लाट उभी राहील. माख आणि साल्खर यांच्या छायाचित्रातली तीच. आता पेन्सिल काढून घ्या. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये शाईचे पाणी भरा आणि ट्रेच्या कडेकडून प्रवाहाला आडवा झोत सोडा. घन वस्तू नसतानाही तशीच लाट उभी राहते. रंगीत पाणी त्या लाटेपर्यंत न पोचता मागे वळते. दट्ट्या कमीजास्त जोराने दाबून लाट किती पुढे सरकते ते फूटपट्टीने मोजता येईल.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : या ट्रेतल्या नकलेत खऱ्या घटनेतले काय आले आणि काय राहून गेले? पृष्ठताण, तापमान, वरून-खालून वळसा घालणारा प्रवाह, असे मुद्दे मुले स्वतःच काढतील. त्यांची यादी फळ्यावर लिहावी, आणि प्रत्येकापुढे, तो मुद्दा राहून गेल्याने उत्तर कोणत्या बाजूला चुकेल, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.